पहाटे पाचला टक्क जागं होणारं बाळ: काय तपासायचं, कुठे थांबायचं

लक्षणं

बाळ रात्री आठ-साडेआठला झोपतं. मध्ये एकदा उठून दूध पितं, परत झोपतं. आणि मग ४.१५ ते ५.१५ च्या दरम्यान गजर लावल्यासारखं टक्क जागं. थोपटून होतं, छातीशी धरून होतं, अंगाई म्हणून होते, काही उपयोग नाही. साडेसहा-सातला, तुमचा चहा होतो न होतो तोच, ते परत पेंगायला लागतं. दिवस बरा जातो, पण संध्याकाळी पाचनंतर नुसती किरकिर. आठवड्यातून एखाद्या दिवशी असं झालं तर सोडून द्या. सलग आठ-दहा दिवस चाललं असेल तर पुढे वाचा.

उठल्याबरोबर बाळ कसं असतं, ते आधी नीट बघा. हसत, पाय झाडत, स्वतःशीच बडबडत उठत असेल तर बहुतेक झोपेच्या हिशेबात गडबड आहे. डोळे चोळत, कुरकुरत, अर्धवट झोपेत उठत असेल तर त्याला कशाने तरी उठवलंय. आणि एकदम किंचाळून, पाय पोटाशी घेऊन किंवा कान ओढत उठत असेल तर खालचं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

मी डॉक्टर नाही. माझी स्वतःची दोन, बहिणीची जुळी, नणदेचा मुलगा आणि आता भाचीची मुलगी, अशा सहा लेकरांच्या पहाटा मी नागपुरात काढल्या आहेत. तक्रार सहाही वेळा एकच होती: "बाप्पा, पाचलेच उठून बसते!" कारण मात्र दर वेळी वेगळं निघालं.

आणखी एक. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर हा बिघाडच नाही. त्या वयात रात्री दोन-तीनदा उठून दूध पिणं हे त्याचं कामच आहे. बाळ दिवसाआधी जन्मलं असेल तर वय जन्मतारखेपासून न मोजता डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा. मोठी बाळंही रात्रीतून चार-पाचदा अर्धवट जागी होतातच, फक्त बरीचशी आपापली परत झोपतात. "अमकीचं बाळ रात्रभर हूं का चूं करत नाही" हे ऐकलंत की मान डोलवा आणि विसरून जा.

आधी वही, मग उपाय

तीन दिवस काहीही बदलू नका. फक्त लिहा: कधी झोपलं, कधी उठलं, दिवसाच्या डुलक्या किती वाजता आणि किती वेळ, शेवटचं दूध कधी. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल. मी कागदावर लिहिते, कारण पहाटे पाचला हातात घेतलेला फोन मी परत खाली ठेवत नाही.

चौथ्या दिवशी चारचा गजर लावा आणि बाळाच्या खोलीत अंधारात जाऊन बसा. बाळाच्या आधी तुम्ही जागं असायला हवं, यातच सगळी मेख आहे. ते उठल्यावर आपण धावत गेलो की ज्याने उठवलं ते होऊन गेलेलं असतं. पहाटेची झोप मुळातच पातळ असते. रात्रभरात झोपेची भूक बरीचशी भागलेली असते आणि शरीर उठायच्या तयारीला लागलेलं असतं. रात्री अकराला ज्या आवाजाने बाळ कूस बदलून झोपलं असतं, त्याच आवाजाने पाचला ते उठून बसतं. त्यामुळे "रात्री तर टीव्ही चालू असतानाही झोपते" हा पुरावा पहाटेसाठी बाद.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पाच-सहा दिवस थांबा. माझ्या बहिणीने एकाच रात्री पडदा, लंगोट, झोपायची वेळ आणि दूध असं सगळं बदललं. जुळी सहाला उठली. कशामुळे, ते आजतागायत कळलेलं नाही आणि पुढच्या महिन्यात परत पाच.

उजेड: खर्च जवळजवळ शून्य

आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास आधी उगवतो. मेच्या शेवटी आणि जूनमध्ये नागपुरात ५.३० च्या सुमारास सूर्योदय होतो, म्हणजे पाचलाच फटफटलेलं असतं. जानेवारीत हाच सूर्य पावणेसातनंतर उगवतो. म्हणून हिवाळ्यात नीट झोपणारं बाळ एप्रिल-मेत पाचला उठायला लागलं की पहिला संशय खिडकीवर घ्यायचा. उजेड डोळ्यांवर पडला की झोप आणणारं मेलाटोनिन कमी होतं आणि शरीराला दिवस उगवल्याचा निरोप जातो. शिवाय रोज त्याच वेळी उजेड मिळाला की आतलं घड्याळ तिथेच लागतं. मग एखाद्या दिवशी ढग असले तरी बाळ पाचलाच उठतं.

तपासणी सोपी आहे. सव्वापाचला स्वतःचा तळहात डोळ्यांसमोर धरा. बोटं मोजता आली तर खोलीत उजेड जास्त आहे. काचेला आतून काळा चार्ट पेपर किंवा जाड खाकी कागद चिकटपट्टीने लावा. दोन पडद्यांमधली फट आणि दाराखालचा उजेड विसरू नका. डासांच्या मशीनचा आणि इन्व्हर्टरचा दिवाही बघा. अंधारात तो मिणमिणता ठिपका भिंतभर पसरतो. आधी आठवडाभर कागद लावून पाहा, फरक पडला तरच जाड पडद्यांना पैसे घाला.

आवाज

पाचच्या सुमाराला घरात काय सुरू होतं? नळ येतात. मोटार सुरू होते. सासरे फिरायला निघतात आणि फाटकाची कडी वाजते. दूधवाला येतो. माझ्या माहेरी, नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत, शेजारचा नळ आला तरी आपल्या घरात बादली वाजल्यासारखं वाटायचं. नळाची वेळ आपल्या हातात नाही, पण मोटार कोणत्या भिंतीला लागून आहे ते बघता येतं. मोटारीखाली जाड रबराचा तुकडा, फाटकाच्या कडीला कापडाची पट्टी, बादलीत पाइपचं तोंड बुडवून ठेवणं, एवढ्यावर आमच्याकडे भागलं. पंख्याचा एकसुरी आवाज रात्रभर राहिला तर बाकीचे खटके त्यात बुडतात.

आवाज सुरू झाल्याने बाळ उठतं तसं बंद पडल्यानेही उठतं, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

कूलर

यावर थोडं जास्त लिहिते, कारण नागपुरात उन्हाळ्यातल्या निम्म्या तक्रारी मला इथेच सापडल्या.

भाचीची मुलगी आठ महिन्यांची, मे महिना, घर नागपूरच्या नंदनवन भागात. रोज ४.४० ला उठायची. दात, नजर, दूध कमी पडणं असं सगळं बोलून झालं होतं. मी चारला जाऊन बसले. साडेचारपर्यंत पोरगी गाढ. मग कूलरचा आवाज बदलला. टाकीतलं पाणी संपलं होतं आणि पंप नुसती हवा ओढत घुरघुरत होता. दहा-पंधरा मिनिटांत गवत सुकलं, थंड झोत गेला आणि बाहेरची गरम हवा तशीच आत यायला लागली. तिने मान घासली, कुरकुर केली, उठली. टाकी रात्री नऊला भरायचे, तिचं पाणी पहाटेपर्यंत पुरत नव्हतं. त्या रात्री साडेअकराला दोन बादल्या ओतल्या. दुसऱ्या दिवशी ५.३५! भाची म्हणाली, "मावशी, एवढंच होतं?" एवढंच नव्हतं. ५.३५ ला उजेड होता. एक कारण काढलं की त्यामागचं दुसरं दिसतं, म्हणून तर एकेक करायचं.

कूलरचं बाकीचं भराभर सांगते. झोत बाळाच्या अंगावर नको, छताकडे किंवा भिंतीकडे वळवा. समोरची एक खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट वाफ साठते आणि बाळ चिकचिकून उठतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बाहेरची हवाच गार होते. तेव्हा पंप दोन-तीनला बंद करून नुसता पंखा ठेवा, नाहीतर बाळ गारठून उठतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हे लागू नाही. तेव्हा रात्रीही पारा बरेचदा २८ च्या खाली येत नाही आणि पाणी लागतंच. पाऊस सुरू झाला की कूलरचा पंप विसरा, दमट हवेत तो काही थंड करत नाही.

दोन गोष्टी झोपेच्या नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून वाळवा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. आणि लोखंडी कूलरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, पाणी भरताना प्लग काढा. रांगणारं मूल कूलरला धरूनच उभं राहतं.

बाळाला गरम होतंय की थंडी वाजतेय हे हातापायांवरून ठरवू नका. ते बहुतेक गारच लागतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवा. ओलसर लागलं तर कपडे कमी करा, गार लागलं तर अंगावर एक थर वाढवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगलंच गारठतं आणि लाथा मारून पांघरूण गेलेलं असतं. त्यावर उपाय म्हणजे अंगात घातलेले उबदार कपडे. सैल गोधडी, उशी, राईची उशी यातलं वर्षाच्या आतल्या बाळाजवळ काही नको, तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. बाळ पाठीवर, घट्ट सपाट गादीवर झोपवा. बंद खोलीत शेगडी तर कधीच नाही.

लंगोट, डास, घामोळ्या

दोन मिनिटांचं काम. कापडी लंगोट पहाटेपर्यंत ओला होतोच. रात्रीपुरता डायपर लावून चार दिवस पाहा. जांघा लाल आहेत का, मानेवर घामोळ्या आहेत का, मच्छरदाणी कुठे फाटली आहे का, तेही बघा.

पाचला तुम्ही काय करता

इथून पुढे खर्च पैशांचा नाही, घरातल्या माणसांचा आहे.

नणदेच्या मुलाचे आजोबा पाचला उठायचे. नातू जागा दिसला की त्याला कडेवर घेऊन गच्चीवर, कबुतरांना ज्वारी टाकायला. उजेड, गार हवा, कबुतरं आणि आजोबा एकटे ताब्यात! नऊ महिन्यांच्या पोराला याहून चांगलं काय हवं? दीड महिना रोज पाचला हे मिळत राहिलं, तर ते पाचला उठणारच. आबाजींना हे सांगायचं कोणी, हा खरा प्रश्न होता. शेवटी मीच सांगितलं की ज्वारी टाकायची, पण साडेसहाला. ते चार दिवस रुसले. कबुतरं रुसली नाहीत.

सहाच्या आत बाळ उठलं तर ती रात्रच समजायची. दिवा नाही, फोन नाही, गप्पा नाहीत, खोलीबाहेर नेणं नाही. जवळ बसा, थोपटा, हळू आवाजात तेच ते बोला. झोपलं तर उत्तम. नाही झोपलं तर सहा-सव्वासहाला पडदा सरकवून, मोठ्याने "उठलं का माझं सोनं" म्हणून दिवस सुरू करा. म्हणजे दिवस कशाने सुरू होतो ते त्याला कळतं.

भूक आहे की सवय

पाचला दूध दिल्यावर पोटभर पिऊन परत तासभर झोपत असेल तर भूक आहे, द्या. सहा ते नऊ महिन्यांत रात्री एखाद्या वेळी दूध लागणं अगदी साधारण आहे. दोन घोट घेऊन खेळायला लागत असेल तर ती सवय आहे. अशा वेळी दिवसाचं दूध वाढवून बघा. या वयात बाळ इकडेतिकडे बघत दिवसा अर्धवट पितं आणि रात्री भरपाई करतं. सहा महिने पूर्ण झाल्यावर संध्याकाळी मऊ मूगडाळीची खिचडी, वरणभात थोड्या तुपासह द्या, पण झोपायच्या तास-दीड तास आधी. बाटलीत दुधात सत्व कालवून देऊ नका, ठसका लागतो आणि झोप वाढतेच असंही नाही. सहा महिन्यांच्या आत पाणीसुद्धा नको, वर्षाच्या आत मध नको. बोटाला लावून चाटवलेलाही नको. त्यातून बाळांना बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

डुलक्यांचा हिशेब

आता वही काढा. ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत, दिवसाची धरून, १२ ते १६ तास झोप लागते. १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४. नणदेच्या मुलाची बेरीज अशी होती: रात्री ८ ते ५, नऊ तास. सकाळी ६.४५ ते ८.३०, पावणेदोन. दुपारी ११.३० ते १, दीड. संध्याकाळी ४.३० ते ६, दीड. एकूण पावणेचौदा. म्हणजे झोप कमी नव्हतीच. रात्रीची झोप दिवसाने खाल्ली होती. आणि ती ६.४५ ची डुलकी म्हणजे खरं तर रात्रीचाच तुटलेला तुकडा. ती रोज मिळणार हे ठाऊक असलं की शरीर पाचला उठायला मोकळं.

उपाय कंटाळवाणा आहे. सकाळची डुलकी दर दोन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं पुढे ढकलायची, बाळ फार रडकुंडीला येईल इतकी नाही. संध्याकाळची आधी छोटी करायची आणि मग बंद. सात ते नऊ महिन्यांत बरीच बाळं तीन डुलक्यांवरून दोनवर येतात, सव्वा-दीड वर्षाच्या आसपास दोनवरून एकीवर. या दोन्ही वळणांवर पहाट बिघडते आणि पुष्कळदा आपोआप सुधारते. आबाजींच्या कबुतरांची वेळ बदलून आणि हे ढकलाढकलीचं काम करून आम्हाला अडीच आठवडे लागले. शेवटी पोरगा ६.१० ला उठायला लागला. आठ नाही. आठला उठणारं बाळ मी अजून पाहिलेलं नाही.

उलटंही होतं. बाबा नऊला घरी येतात म्हणून बाळाला साडेदहापर्यंत जागं ठेवलं, की ते उशिरा उठेल असं वाटतं. तसं होत नाही. अतिथकलेलं बाळ आणखी तुटक झोपतं आणि पाचला उठतंच. अशा घरात झोपायची वेळ रोज पंधरा मिनिटं आधी आणून साडेआठपर्यंत न्या. बाबांना सकाळी भेटू द्या. तसंही पाचला दोघं जागेच असतात.

झोळी: सगळ्यात अवघड

हा मुद्दा शेवटी ठेवला, कारण यात घरभर भांडण होतं. बाळ झोळीत हलत-हलत झोपतं, मग आपण उचलून गादीवर टाकतो. बाळाची झोप साधारण तासाभराच्या तुकड्यांची असते. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ते किंचित जागं होऊन आजूबाजूला चाचपतं. झोपताना झोळी होती, आता गादी! तुम्ही सोफ्यावर झोपलात आणि स्वयंपाकघरात जाग आली तर तुम्हीही उठून बसाल. मध्यरात्री झोपेची ओढ जास्त, म्हणून ते परत लवंडतं. पाचला ती ओढ उरलेली नसते. शिवाय रात्रभर झोळीतच ठेवणं सुरक्षित नाही. मान वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा होऊ शकतो.

एकदम बंद करू नका. पहिले तीन-चार दिवस झोळी हलवा, पण डोळे मिटायच्या आधी हलवणं थांबवा. मग पेंगुळलेलं पण जागं असताना गादीवर ठेवा, छातीवर हात ठेवून थोपटा. मग हात काढून नुसतं शेजारी बसा. फक्त रात्रीच्या झोपेला हे करा, दिवसा झोळी राहू दे. थोडं रडणं होतं. तेव्हा आतल्या खोलीतून आवाज येतो, "काहून वं, लेकराले रडवून राहिली?" आमच्याकडे सासूबाईंनाच शेजारी बसवलं आणि थोपटायचं काम दिलं. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे कबूल करते. दोन आठवडे धरून चला, आणि बाळ आजारी असेल तर सुरूच करू नका.

इथे थांबा, डॉक्टरकडे जा

झोपेसाठी सर्दी-खोकल्याचं औषध, घुटी, कुणाच्या घरातली पुडी, काही नाही. पूर्वी अफू चाटवून लेकरं झोपवायचे, हे आपल्या आज्यांनी सांगितलेलं आहे. ती झोप नव्हती, गुंगी होती.

खालीलपैकी काही असेल तर घरचे प्रयोग बंद:

- घोरणं, तोंडाने श्वास घेणं, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटणं.
- कान ओढणं, आडवं केलं की जास्त रडणं, सर्दीनंतर सुरू झालेली पहाटेची किंचाळी. कानदुखी झोपल्यावर वाढते.
- वर्षावरच्या मुलाला रात्री गुदद्वाराशी खाज. जंत असू शकतात. औषध डॉक्टरांच्या सांगण्यानेच.
- झोपेत सारखे पाय झाडणं आणि चेहरा फिकट. लोह कमी असू शकतं. सरकारी कार्यक्रमात ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध असतं, आशाताईंना विचारा.
- वजन वाढत नाही, लघवी कमी होतेय, दर दुधानंतर भडाभडा उलटी.

हे उद्या-परवा दाखवलं तरी चालेल, श्वास थांबल्यासारखा वाटणं, लघवी कमी होणं आणि दर दुधानंतरची भडाभडा उलटी सोडून. त्यासाठी त्याच दिवशी जा. पुढच्या गोष्टींना मात्र तासही घालवू नका: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० च्या वर ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, फुगलेली टाळू, झटके, दूध न ओढणारं सुस्त बाळ, दोन-तीन तास कशानेही न थांबणारं रडणं. शांत असताना श्वास मोजा: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त असेल तर, किंवा बरगड्या आत ओढल्या जात असतील तर निघाच. १०८ ला फोन करा, किंवा नागपुरातली मेडिकल, मेयो, एम्स ही सरकारी रुग्णालयं, यातलं जे जवळ असेल ते गाठा.

बाळ ठीक आहे आणि बाळाची आई ठीक नाही, असंही असतं. बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही, सारखं रडू येतं, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, नको ते विचार येतात. असं असेल तर पडदे आणि डुलक्या बाजूला ठेवा. पहाटेची पाळी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्या, तिला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांशी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

डॉक्टरकडे जाताना ती वही न्या. घोरणं किंवा श्वास विचित्र वाटत असेल तर झोपेतला मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा, कपडे वर करून छाती दिसेल असा. दवाखान्यात पोचल्यावर बाळ हमखास हसत असतं.